माझा पोरगा मला काका म्हणायचा

आमच्या घरात पोरं सात होती आणि बाप एकच, माझे थोरले भाऊ. त्यांची पाच त्यांना बाबा म्हणत, म्हणून माझी दोघंही त्यांना बाबाच म्हणत. मला त्यांची पाच काका म्हणत, म्हणून माझ्या दोघांचाही मी काकाच. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही. घरोघरी तेच होतं. थोरल्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलून घेणं तर निव्वळ निर्लज्जपणा. भावाची पोरं मी खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचो, पण आपलं पोरगं पायाशी आलं की माझी नजर आढ्याकडे.

पोरगा शाळेच्या वयाचा होईपर्यंत हे सगळं सुरळीत चाललं होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावात शाळा दोन होत्या. नाल्यापलीकडच्या शाळेत चार वर्गांना मिळून एक मास्तर, आणि नाल्याला पाणी आलं की तेही नाहीत. अलीकडच्या शाळेत पहिलीला असे गुरुजी होते की दिवाळीपर्यंत पोरं दुकानांच्या पाट्या वाचायला लागायची. त्यामुळे बाहेरगावचे लोक आपली पोरं इथल्या काका-मामांकडे आणून ठेवत, आणि हे काका-मामा खुशाल बाप म्हणून नाव घालायला जात. उन्हाळ्यात बदलून आलेल्या मोठ्या मास्तरांनी हे ओळखलं आणि नियम केला: खरा बाप आला तरच पोराचं नाव लागेल.

माझ्या मनात आलं, आपल्याला कसली भीती? आपण तर खरेच बाप. साखरखेर्ड्याचा बाजार बुडवला, धुतलेला सदरा घातला आणि पोराला पुढे घालून शाळेत गेलो.

मास्तरांनी जन्माचा दाखला मागितला. बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, त्यामुळे दाखला परगावचा, सुलतानपूरचा, आणि त्यात बापाच्या नावाची जागा कोरी. तो वाचून मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे.

"हे कोण रे?"

"काका," पोरगा म्हणाला. चांगलं खणखणीत.

"आणि बाबा कुठं आहेत?"

"मळ्यात."

"अहो मास्तर, मीच बाप आहे त्याचा!" माझा आवाज उगाच चढला.

"काल तिघं असंच म्हणून गेले. बरं, त्याच्या कपाळावरची ही खोक कशाची?"

मी खोकेकडे पाहिलं. ती तिथं आहे हेच मला तेव्हा कळलं. पोरगा म्हणाला, "मोटेपाशी पडलो होतो. बाबानं हळद लावली."

"गावात कोणालाही विचारा," मी म्हणालो.

"गाव कोणालाच नाही म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे. एकच जागा उरली आहे. शाळा सुटायच्या आत याच्या बापाला घेऊन या."

मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. आता आणायचं कोणाला? बाप तर मी इथंच उभा. मास्तरांचा राग आला, पोराचा आला, आणि मग आपलंच डोकं चालेना. आपण बाप आहोत हे दाखवायला आपल्याजवळ काय आहे, ते मला आठवेना. शेवटी मळ्याकडे जाणाऱ्या एकाजवळ भावाला निरोप धाडला.

भाऊ मोट सोडून आले, गुडघ्यापर्यंत चिखल. मास्तरांनी पोराला विचारलं, "हे कोण?"

"बाबा."

"हं," म्हणून मास्तरांनी रजिस्टर ओढलं, टाक दौतीत बुडवला आणि भावाला त्यांचं नाव विचारलं. मला सगळं दिसत होतं. एक शब्द बोललो तर जागा जाईल, नाही बोललो तर पोरगा जाईल. मी गप्प राहिलो. का राहिलो, ते मला आजही सांगता येत नाही.

भाऊच म्हणाले, "थांबा मास्तर. तो मले बाबा म्हनते, पन पोरगा याचा हाये."

मास्तरांनी टाक आपटला. "मग मी नाव लिहू तरी कोणाचं?"

भाऊ माझ्याकडे वळले. "घे रे त्याले कडेवर. दाखव मास्तरले."

मी वाकलो. हात पोराच्या काखेपर्यंत गेले आणि तिथंच अडले. शेजारी भावाचे चिखलाचे पाय दिसत होते. सरळ झालो, पुन्हा वाकलो.

"अबे घे ना! काऊन लाजून राह्यला?"

नाहीच जमलं. जागा गेली, असं मला वाटलं. पोरगा दोन्ही हात अर्धवट वर करून माझ्याकडे पाहत होता.

बघता बघता मास्तर हसायलाच लागले. "राहू द्या. हाच बाप आहे. काका असता तर कधीच उचलून मुका घेतला असता. आमच्याही घरी हेच आहे." त्यांनी टाक पुन्हा बुडवला आणि पोराच्या नावापुढे माझं नाव लिहिलं. मी ते टेबलाच्या पलीकडून उलटं वाचलं, दोनदा.

परतताना भाऊ पुढे निघाले. एरवी त्यांची चाल संथ, पण मोट खोळंबली म्हणत ते असे सुटले की एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ते मुद्दाम पाहत नव्हते, हे मला नंतर कळलं. बोळीत चिटपाखरू नव्हतं. मी पोराला उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच जड होता, आणि दुसरा हात कुठं धरायचा ते मला कळेना.

पोरगा अंग ताठ करून पुढे चाललेल्या पाठीकडे बघत होता. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काका, खाली ठेव ना. बाबा पाहतीन."

आणि मी त्याला खाली ठेवलं.