मुठेकाठचं वाळुंज

मालनबाईचं सासर धायरीचं, पण जीव सगळा मुठेच्या वाळूत. पुण्यातल्या एका पुलाखाली, पाण्याला लागून वाळुंजाचं एक बेट, म्हणजे एकाच जागी फुटलेला दाट झुबका, होता. पुण्यातल्या शंभरातल्या नव्वद माणसांना वाळुंज म्हणजे काय ते ठाऊक नाही. पुराच्या दिवसांनंतर ज्याच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबकळतात, ते झाड, एवढं सांगितलं की ओळख पटते.

त्याच्या फोकांच्या, म्हणजे लवचीक कोवळ्या फांद्यांच्या, परड्या मालनबाई विणायची. बुधवार पेठेतल्या हारवाल्या तिच्या परड्या हातोहात घ्यायच्या. बांबू चिरणं तिला केव्हाच जमेनासं झालं होतं. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. वाळुंजाचा फोक तेवढा त्या बोटांचं ऐकायचा. नवरा गेल्यावर सुनेच्या तोंडाकडे न बघता ती दहा वर्षं जगली ती या बेटावर. दर कार्तिकात ती बेट बुडापासून कापायची. सासूनं तसंच शिकवलं होतं: कापलं की नवे फोक सरळ येतात, ठेवलं की जाड आणि वाकडे होतात, मग ते विणायला निरुपयोगी.

एका माघात नदीकाठच्या कामासाठी झाडं मोजायला माणसं आली. काठ बांधून काढायचा होता. त्यांच्यात अवनी नावाची एक पोरगी होती, सदाशिव पेठेतली, हातात टेप. तिनं बेट पाहिलं आणि मान हलवली.

"मावशी, हे झुडपात जाईल. झुडूप काढायला कुणाची परमिशन लागत नाही. यंदा कापू नका, वाढू द्या. पुढच्या माघात फायनल मोजणी आहे. झाड म्हणून नोंद झाली, तर याला कुणी हात लावणार नाही."

"न्हाय कापत," मालनबाई म्हणाली.

आणि खरंच कापलं नाही. कार्तिक आला, कोयता कोनाड्यातच राहिला. परड्या बंद झाल्या. ती एका सोसायटीत भांडी घासायला लागली. थंड पाण्यात बोटं ठणकायची. सून म्हणाली, "झुडपापायी एवढा हट्ट?" मालनबाई पिशवी उचलून कामाला गेली. रोज दुपारी ती जाऊन बेटाकडे बघून यायची. फोक दोन पुरुष उंच झाले होते. तिला मनापासून आनंद व्हायचा.

मोजणी उद्यावर आली, तेव्हा तिला राहवलं नाही. साहेब लोक येणार आणि बेट असं अस्ताव्यस्त? टेप लावणार म्हणजे उंची मोजणार, यात तिला शंकाच नव्हती. जन्मभर तिनं फोक हातांनी लांबीवरच मोजला होता. मधली बारा-तेरा जाड, वाकडी खोडं उंच फोकांना झाकत होती. तिनं कोयता काढला, ती बुडातून तोडली आणि भारा बांधून घरी आणला. मागे राहिलं ते बेट इतकं देखणं दिसत होतं, की सासू असती तर तिनंही नावं ठेवली नसती.

दुसऱ्या दिवशी अवनी आली. तिनं वर पाहिलंच नाही. ती खाली बसली आणि एका फोकाच्या बुडाभोवती टेप गुंडाळला. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. मालनबाई हसत उभी होती ती हळूहळू गंभीर झाली.

"मावशी, दिवाळीत मी पुलावरून पाहिलं होतं. मध्ये चांगली जाड खोडं होती. ती कुठे गेली?"

"चुलीसाठी तोडली. वाकडी व्हती."

अवनीनं टेप खाली ठेवला. मग तिनं झाड म्हणून नोंद व्हायला बुंधा किती जाड लागतो ते बोटांनी करून दाखवलं. एवढी साधी गोष्ट वर्षापूर्वी सांगायला हवी होती, हे तिलाही त्याच क्षणी कळलं असावं. तिचा चेहरा पार उतरला.

"झाड म्हणूनच लिही की, पोरी. कोण बघतंय?"

"प्रत्येक बुंध्याचा फोटो जोडावा लागतो, मावशी."

तिनं कागदावर झुडूप लिहिलं. मालनबाईला स्वतःचा इतका राग आला, की त्या दिवशी ती जेवली नाही.

आठवड्यानं काठावरची झुडपं उपटायला मशीन आलं. चालवणारा राकेश, लांबून कामाला आलेला, बिचारा भला माणूस. काठावर बसलेली म्हातारी पाहून त्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"मावशी, इथे तुमचं काही आहे का? असेल तर काढून घ्या."

"न्हाय बाबा," मालनबाई म्हणाली. "माझं व्हतं ते म्या आधीच तोडलं."

त्याला काही कळलं नाही. तो परत वर चढला आणि त्यानं मशीन चालू केलं.