पागधऱ्यांच्या गाडीचा डावा आर्म

कमलाकांत पागधरे यांना मी चांगला ओळखत होतो, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. त्यांच्या आईचे नाव मला माहीत नाही. समुद्रावर जाणे त्यांनी कधी सोडले, का सोडले, हेही मी कधी विचारले नाही. दीड वर्ष दर बुधवारी आणि रविवारी मी घिवलीला त्यांच्या अंगणात जाऊन बसत होतो, आणि तेवढ्या काळात आमचे बोलणे झाले ते बहुतेक लोखंडाबद्दल. म्हणून पुढच्या मजकुरात माणूस कमी आणि गाडी जास्त दिसली, तर तो दोष माझा समजावा.

मी झुंबर, मूळचा पारनेरकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासणी खात्यात काढली. पंपाचे भाग तयार होऊन यायचे. ते मोजायचे, कुठे तडा आहे का बघायचे आणि रंगाची खूण करायची. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे बाद. ज्याची खात्री नसेल त्याला पिवळी. पिवळे भाग वेगळ्या फळीवर ठेवले जात आणि सोमवारी मोठे साहेब येऊन त्यांचा निकाल लावत. निकाल काय लागला हे आम्हाला पुष्कळदा कळतही नसे.

पागधऱ्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या बायकोमुळे. जमनाबाई बोईसरच्या मासळी बाजारात बसत. मी प्रत्येक मासा उचलून, कल्ला उघडून, उजेडाकडे धरून बघायचो.

"भाऊ, तुमी मासा घेता का पास करता?" त्या विचारायच्या, आणि शेजारच्या बायका हसायच्या.

मग एका पावसाळ्यात त्या बंदरावर बर्फावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, आत सळई घालावी लागली. त्यांच्या जागेवर त्यांची भाची दीपिका बसू लागली. सहाआसनी रिक्षाची पायरी जमनाबाईंना चढता येत नव्हती, मोटारसायकलवर बसता येत नव्हते, आणि टोपल्यांसकट रोज स्वतंत्र रिक्षा करायची तर विक्रीत काही उरले नसते.

त्या बाजारातल्या बायकांची एक रीत आहे. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या बाजाराला जी जागेवर बसेल, तिची ती जागा वर्षभर. घरातली दुसरी बाई बसली तर एक वर्ष चालते, दोन वर्षे चालते. तिसऱ्या वर्षी जागा तिच्या नावाने बोलली जाते. दीपिकाचे दुसरे वर्ष सुरू होते, आणि तिचे लग्न सातपाटीत ठरले होते. येत्या पुनवेनंतर जमनाबाई स्वतः बसल्या नाहीत, तर सव्वीस वर्षांची जागा जाणार होती. पागधऱ्यांनी गाडी बांधायला घेतली ती एवढ्यासाठी.

ते फायबरच्या बोटी दुरुस्त करत, वेल्डिंगची कामेही करत. केळव्याला मुंबईच्या कोणा माणसाच्या बंगल्यात छप्पर करायला गेले असताना तिथल्या शेडमध्ये त्यांना एक गाडी सापडली. गाडी म्हणजे घरी जोडायचा संच होता: नळ्यांचा सांगाडा आणि फायबरचे अंग. इंजिन आणि चाकांना धरणारे सगळे भाग कोणत्या तरी जुन्या मोटारीचे काढून लावायचे होते. कोणत्या मोटारीचे, ते सांगणारे पुस्तक वाळवीने खाल्ले होते. मालकाला शेड मोकळी करून हवी होती. पागधऱ्यांनी एवढेच पाहिले की गाडी उघडी आहे, तिला दारे नाहीत आणि तिची बैठक जमिनीपासून हातभर आहे. जमनाबाई काठावर टेकून आत सरकू शकतील.

अशी गाडी रस्त्यावर आणायला परवानगी लागते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्यावर आम्ही बोललो नाही.

दीपिकाने त्यांना माझ्याबद्दल सांगितले होते. एका दुपारी ते माझ्या दारात आले, गोणीत चार आर्म घेऊन. चाकाला खालून धरणारा आणि चाकाबरोबर वर-खाली होणारा लोखंडी हात, त्याला गॅरेजवाले लोअर आर्म म्हणतात. मनोरला हायवेवरच्या भंगारातून त्यांनी ते वेचून आणले होते.

"भंगारवाला बोलला, चारी एकाच गाडीचे हायेत," ते म्हणाले. "मला खोटं वाटतंय. तुमी मापं घेणारे ना?"

मी ते रॉकेलने धुतले, तारेच्या ब्रशने घासले. गंजाखालून ठोकलेले आकडे वर आले. व्हर्नियरने बुशांची भोके, जिथे आर्म सांगाड्याला जोडतात ती, मोजली, टोकाचा निमुळता खिळा मोजला. दोन आर्म एका लहान मोटारीचे होते आणि दोन त्याच कंपनीच्या व्हॅनचे. दिसायला सख्खे भाऊ, पण व्हॅनचे चार मिलिमीटर लांब.

"चार मिलिमीटर?" पागधरे म्हणाले. "झुंबरशेठ, चार मिलिमीटरनं माझी बोट गुजरातला नाय जात."

"गाडी मात्र एका बाजूला ओढत राहील."

"मंग ऱ्हाऊ दे व्हॅनचे. आमाला बोईसरलाच जायचंय."

सांगाड्याच्या भोकांना मोटारीचे दोन बरोबर बसले. माझ्याकडे कारखान्यातून निवृत्त होताना घेतलेले तपासणीचे डबे होते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल शाई फवारायची, थोडा वेळ थांबून पुसून टाकायची आणि वर पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर आत शिरलेली शाई पांढऱ्यातून वर येते. उजवा आर्म पांढराच राहिला. डाव्यावर बुशाजवळ केसासारखी लाल रेघ उमटली. पागधरे ती रेघ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो आर्म अंगणाच्या कडेला टाकला आणि पुन्हा मनोर गाठले.

आणखी एक डावा मिळायला सव्वादोन महिने गेले. त्यात तडा नव्हता, पण गंजाने पत्रा पातळ झाला होता. वेळ उरला नव्हता. ते म्हणाले, याला मजबूत करतो.

त्यांनी तो बोटीच्या पद्धतीने मजबूत केला. बोटीत जिथे कमजोरी दिसेल तिथे वरून जाड पट्टी बसवून चारी बाजूंनी जोड भरतात, म्हणजे पाणी शिरायला जागा राहत नाही. त्यांनी पाच मिलिमीटरची पट्टी चौकोनी कापली, आर्मवर ठेवली आणि चारी बाजूंनी वेल्डिंग केले. वेल्डिंग इतके सुंदर होते की मी त्यावरून बोट फिरवले. आणि बोट फिरवताना मला वाटले, हे बरोबर नाही. पट्टीचे टोक आर्मला आडवे होते, जिथे आर्म सगळ्यात जास्त वाकतो तिथेच. जाड पट्टीखाली तो आता वाकणार नव्हता, म्हणजे सगळे वाकणे त्या आडव्या जोडाच्या कडेला येणार होते. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा तिथे आधीच नरम पडलेला. कारखान्यात असे जोड मी पाहिले होते. पट्टीची टोके माशाच्या शेपटीसारखी लांब कापायला हवी होती, आणि आडवे वेल्डिंग करायलाच नको होते.

मी लाल शाई मारून बघितली. रेघ नव्हती. रेघ नसेल तर मी काय सांगणार? मी इंजिनिअर नाही. ते चाळीस वर्षे वेल्डिंग करत होते. मी पिशवीतून रंगाची पेन्सिल काढली आणि त्या जोडाच्या कडेला पिवळी खूण केली.

"ह्ये काय?" त्यांनी विचारले.

"काही नाही. कारखान्यात करतो तसे. नंतर बघू म्हणून."

"बरं," ते म्हणाले, आणि आर्म गाडीला चढवला.

त्या अंगणात सोमवारी येणारे कोणी साहेब नव्हते. हे मला तेव्हा कळायला हवे होते.

गाडी चालू लागली. जमनाबाई आणि टोपल्यांच्या वजनाएवढी वाळू बर्फाच्या पेट्यांत भरून पागधरे तीन आठवडे गावातल्या रस्त्याने फेऱ्या मारत होते. ओट्यावर बसलेल्या जमनाबाई बघत. "माझ्यापरीस वाळूच जास्त फिरली," त्या म्हणायच्या. प्रत्येक फेरी झाली की पागधरे माझ्याकडे बघत आणि मी मान डोलवत असे. त्या फेऱ्यांनीच तो जोड थकत गेला असणार. एकदाही आर्म पुन्हा खाली काढून शाई मारू या, असे मी म्हटले नाही.

नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या बाजाराला ते दोघे पहाटे निघाले. मी बोईसरला मासळी बाजाराच्या तोंडाशी उभा होतो. दीपिका जागा झाडून, पाट मांडून बाजूला थांबली होती. सात वाजले, आठ वाजले. मग दीपिकाचा फोन वाजला.

वाटेत पास्थळच्या अलीकडे, गतिरोधकावर, डावे चाक आत दुमडले होते. गाडी सावकाश चालली होती. पागधऱ्यांना खरचटलेसुद्धा नाही. जमनाबाई मात्र बाहेर फेकल्या गेल्या त्या सळईच्याच बाजूवर. पाय पुन्हा मोडला. त्यानंतर त्या काठी घेऊनही उभ्या राहिल्या नाहीत. त्या दिवशी दीपिका त्यांच्याकडे दवाखान्यात धावली आणि जागेवर कोणीच बसले नाही. पुढच्या बाजाराला तिथे दुसरी बाई होती. तिचेही काही चुकले नाही.

चार दिवसांनी मी घिवलीला गेलो. जाऊ नये असे वाटत होते. पागधऱ्यांनी तुटलेला आर्म दगडी पायरीवर ठेवला होता. तो पट्टीच्या कडेने सरळ तुटला होता, सुरीने कापावा तसा, आणि माझ्या पिवळ्या खुणेचे दोन तुकडे झाले होते.

"तुमचा पिवळा हितंच होता," ते म्हणाले.

"हो."

"मंग बोलला का नाय?"

"खात्री नव्हती."

"खात्री मला तरी कुठं होती? पण माझे हात कामात होते. तुमी नुसते बसला होता."

एवढेच ते बोलले. घरातून जमनाबाईंनी विचारले, "भाऊ आलेत का? चहा टाकू कशी, मीच पडले हाय." पागधरे उठले आणि त्यांनी स्वतः चहा केला. मला तो पिववत नव्हता, पण मी प्यालो.

मला वाटले होते की ते गाडी मोडून टाकतील. त्यांनी मोडली नाही. मनोरहून आणखी एक डावा आर्म आणला. का, हे मी विचारले नाही. जमनाबाई त्यात बसणार नव्हत्या आणि बाजारात बसायला जागाही राहिली नव्हती. या वेळी मी पहिल्या दिवशीच सांगितले: पट्टीची टोके निमुळती कापा, जोड उभाच करा, आडवा नको. त्यांनी पुठ्ठ्यावर माशाची शेपटी काढून दाखवली आणि विचारले, "अशी?" मी म्हणालो, "अजून लांब." त्यांनी अजून लांब कापली.

हा आर्म अजून त्यांच्या अंगणात आहे. शाईची तपासणी तेवढी राहिली. ती करायच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, बंदरावर एका बोटीचे काम करताना ते बसले ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितले. वय एकोणसाठ. त्यांचे वय मला दीपिकाकडून त्या दिवशी कळले.

त्याआधीच्या रविवारी मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले होते. हातात आर्म तसाच होता.

"बुधवारी लाल मारू याला," ते म्हणाले.

"मारू."

"पांढरा डबा संपत आलाय. येताना दुसरा घेऊन या."

"आणतो," मी म्हणालो.