राणीचं तेल, माझी माती

आमच्या ह्यांनी पेढे वाटले, तिथून सगळं सुरू झालं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आम्ही दोघंही हॉस्पिटलवाले. हे हाडांचे डॉक्टर, मी भूल देणारी. इंग्लंडातल्या स्लाऊच्या हॉस्पिटल क्वार्टर्समधून बाहेर पडून सरेमधल्या एका गावात आम्ही घर घेतलं होतं. मागे टेकडी, पुढे अरुंद गल्ली, गल्लीत मोजकी घरं, आणि दारात चपलांचा ढीग असलेलं एकच घर, ते आमचं. एका शनिवारी हे कुंपणापाशी कुणाशी तरी बोलून आत आले ते चेहऱ्यावर दिवाळी घेऊनच. टेकडीखाली तेल सापडलंय म्हणे. पलीकडच्या शेतात कंपनी विहीर खणणार होती.

"अगं, आपल्या बागेखाली तेल आहे, तेल!"

"कुणी सांगितलं?"

"सगळं गाव बोलतंय. टेकडी कुठे संपते? आपल्या शेडपाशी. मग तेल काय कुंपण बघून थांबणार आहे?"

हे पुण्याचे. पुण्याचा माणूस न मागता पेढे वाटायला निघाला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समजावं. इथे कुठे मिळणार पेढे? हे अख्खं लंडन ओलांडून इल्फर्डला गेले, तिथल्या मिठाईवाल्याकडून खोके भरून आणले आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन उभे राहिले. बाळ झालं, पोरगं पास झालं किंवा जमिनीत तेल लागलं की आमच्यात हे वाटतात, असं त्या बिचाऱ्या इंग्रजांना समजावूनही सांगितलं. तेल लागल्यावर आमच्यात काय वाटतात हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं, पण लोकांनी मान डोलावून पेढे घेतले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही एक खोका गेला. तिथे मित्रांनी ह्यांचं नाव 'शेखसाहेब' ठेवून दिलं.

समोरच्या घरात एक म्हातारे वकील राहायचे, कधीचे निवृत्त झालेले. त्यांच्याकडे मीही ह्यांच्याबरोबर गेले होते. त्यांनी पेढा चवीने खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि मग रुमालाला बोटं पुसत म्हणाले, "फारच छान. पण तेल तुमचं नाही हं, डॉक्टर. या देशात जमिनीखालचं तेल सरकारचं असतं. महायुद्धाच्या आधीपासूनचा कायदा आहे."

"म्हणजे राणीचं?"

"म्हणायला, राणीचं."

ह्यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. घरी येईपर्यंत मी हसत होते. "शेखसाहेब, राणीच्या तेलाचे पेढे वाटलेत! ती तरी वाटेल का तुमच्यासाठी?" हे दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिथपर्यंत ती सगळी गंमतच होती.

मग कंपनीने गावच्या हॉलमध्ये लोकांना माहिती द्यायला बोलावलं. टेबलांवर बिस्किटं, भिंतींवर मोठमोठे नकाशे, आणि कंपनीच्या नावाचा बिल्ला लावलेली हसतमुख माणसं. हे यायला तयार नव्हते, लाज वाटत होती. मी एकटीच गेले. एका नकाशावर शेतातल्या विहिरीपासून एक लाल रेघ निघत होती. ती सरळ खाली जात नव्हती. तिरकी होऊन आमच्या गल्लीखालून, आमच्या घराच्या बरोब्बर खालून टेकडीच्या पोटात जात होती. मी बोट ठेवून पाहिलं. स्वयंपाकघर, शेड, मागचं सफरचंदाचं झाड, सगळं त्या रेघेवर.

"हा पाइप माझ्या घराखालून जाणार?" मी विचारलं.

बिल्ल्यावाला तरुण गोड हसला. "हो, पण खूप खोलवरून, मॅडम. तुम्हाला काही जाणवणारसुद्धा नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! अहो, 'तुम्हाला काही जाणवणारसुद्धा नाही' हे माझं वाक्य! जन्मभर ते मी बोलत आले. पण कधी? आधी पेशंटच्या खाटेशी जाऊन, खुर्ची ओढून, बसून, मी कोण, काय करणार, कुठे टोचणार हे सांगून, आणि 'चालेल का तुम्हाला?' असं विचारून झाल्यावर. त्याने हो म्हटल्यावर. माणूस नाही म्हणाला तर सर्जन हातमोजे घालून उभा असला तरी ऑपरेशन थांबतं. मोठमोठ्या सर्जनांना मी दारातून परत पाठवलंय. एवढीशी सुई टोचायला मी विचारते, आणि हे लोखंडी पाइप घालणार माझ्या घराखालून, आणि वर मला बिस्किट देणार?

"तुम्ही मला विचारलंत?" मी म्हटलं.

"सल्लामसलतीसाठीच तर हा कार्यक्रम आहे."

"सल्ला नको. विचारलंत का, ते सांगा."

त्याने मला एक चकचकीत माहितीपत्रक दिलं. मी ते तिथेच टेबलावर ठेवून घरी आले.

आता हे सगळं मला एवढं का झोंबलं, ते सांगायला हवं. माझं माहेर विदर्भातलं, कोळशाच्या पट्ट्यातलं. बाबांची पिठाची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे आम्ही. आमचं सगळं लहानपण पिठाने पांढरं झालेलं. एक दिवस शाळेतून आले तर गिरणीच्या भिंतीवर चुन्याची मोठी फुली. कोण आलं, कधी मारून गेलं, कुणालाच माहीत नाही. गावातल्या निम्म्या भिंतींवर तशाच फुल्या. गावाखाली कोळसा होता आणि कोळसा सरकारचा होता. पुढे गाव उठलं. मोबदला मिळाला, दूर माळावर कॉलनीत घर मिळालं, आणि आमच्या गिरणीच्या जागी एवढा मोठा खड्डा झाला. बाबांनी मोबदला कमी म्हणून कधी कुरकुर केली नाही. त्यांचं एकच पालुपद, उठता बसता, जेवताना, पाहुण्यांसमोर: "मले कोनी इचारलंच नाही." शेवटी शेवटी तर आम्ही भावंडं कंटाळायचो. आईही म्हणायची, पुरे झालं आता.

त्या हॉलमधून परतताना मला कळलं, बाबा कशाबद्दल बोलत होते ते. आणि बाबा आता फार थकले होते. भावाकडे न जाता हट्टाने त्या कॉलनीतच राहत होते, जुन्या गावातल्या चार म्हाताऱ्यांसोबत. फोनवर दम लागायचा. मी ठरवून टाकलं. मला राणीचं तेलही नको आणि कंपनीचे पैसेही नकोत. त्यांचा माणूस माझ्या दारात आला पाहिजे, त्याने मला विचारलं पाहिजे. आणि ते बाबांच्या हयातीत झालं पाहिजे.

मी रस्ता ओलांडून वकीलसाहेबांकडे गेले. ते हसले. म्हणाले, "तेल तुमचं नाही हे खरं. पण तेलाच्या वरची माती तुमचीच. परवानगीशिवाय तिच्यातून पाइप नेणं म्हणजे तुमच्या अंगणात शिरण्यासारखंच आहे, असं माझं मत."

"मग हे लोक शिरतात कसे?"

"कुणी त्यांना जाब विचारत नाही म्हणून."

मी कंपनीला कळवलं की माझ्या घराखालून जायचं असेल तर घरी येऊन विचारा. फोन आला, सगळं अगदी सुरक्षित आहे म्हणून. मी म्हटलं, सुरक्षित आहे की नाही हे मी विचारलेलंच नाही. मग ख्रिसमसला कंपनीकडून वेताची मोठी टोपली आली. चीज, वाइन, बिस्किटं, चटणीची बरणी. मी ती तशीच गाडीत घातली आणि त्यांच्या ऑफिसात रिसेप्शनवर नेऊन ठेवली.

"अगं, ती चटणीची बरणी तरी ठेवायचीस!" हे म्हणाले.

"तिखट नसते त्यांची."

मग मात्र आमचं चांगलंच वाजलं. ह्यांचं म्हणणं, सोडून दे. शेजारी काय म्हणतील? मी आधीच पेढे वाटून हसं करून घेतलंय, आता तू भांडण काढतेस. मुलीचंही तेच, "आई, प्लीज, सीन नको करू." ह्यांच्या तोंडून शेवटी निघालंच, "आपण काही झालं तरी इथे पाहुणे आहोत."

"पाहुणे?" मी म्हटलं, "या गावातल्या निम्म्या लोकांना मी झोपवलंय आणि जागं केलंय. तुम्ही त्यांचे खुबे बदललेत, त्यावर ते टेकडी चढून फिरायला जातात. ज्या घराचा हप्ता आपण फेडतो तिथे पाहुणे कसले? पाहुण्याला तरी विचारतात, चहा घेणार का म्हणून!"

 पण पुढच्या सभेला हे माझ्याबरोबर आले, टाय लावून.

त्या सभेत हॉल भरला होता. कंपनीचा मोठा अधिकारी बोलून दमला, तशी मी उठले.  म्हटलं, "मी भूल देते. माझं काम असं की आधी विचारायचं. तुमची लाल रेघ माझ्या घराखालून जाते. मला कुणी विचारलं नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणाला विचारलंय का? ज्यांना विचारलं त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. तेवढ्यात मागून आमच्या शेजारची म्हातारी बाई उठली. तिच्या कुत्र्याच्या शेपटीवर माझा पाय पडला म्हणून माझ्याशी एकदा भांडलेली, त्यानंतर बोलत नसलेली. ती म्हणाली, "खरं आहे. मलाही नाही विचारलं." मग गल्लीच्या टोकाचा सुतार उठला. मग वकीलसाहेब, काठी टेकत. अधिकारी म्हणाला, तेल तर राणीचं आहे, हा राष्ट्राचा प्रश्न आहे. मी म्हटलं, "राणीने आपलं तेल खुशाल न्यावं. माझ्या मातीला हात न लावता न्यावं." हॉलमध्ये जो हशा पिकला! त्यात सगळ्यांत मोठा आवाज आमच्या शेखसाहेबांचा होता.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका शनिवारी सकाळी बेल वाजली. मुलीने दार उघडलं आणि ओरडली, "आई, तुझा तेलवाला आलाय!"

तोच अधिकारी होता. एकटाच. दारातला चपलांचा ढीग बघून त्याने न सांगता बूट काढले. त्याच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्याने दुसऱ्या पायाने झाकलं. मी त्याला सोफ्यावर बसवलं, आल्याचा चहा दिला. ह्यांनी पोहे पुढे केले. त्याने ते खाल्ले, मिरची लागली तसं पाणी प्यायला. मग बशी खाली ठेवून, सरळ बसून म्हणाला, "आम्हाला तुमच्या जमिनीखालून पाइप न्यायचा आहे. तुमची परवानगी आहे का?"

किती साधं वाक्य! एवढ्यासाठी सगळं गाव घुसळून निघालं. मला वाटलं होतं की मी काहीतरी सुनवेन. मनात भाषण तयारच होतं. पण तोंडून तेवढंच निघालं, "नाही."

त्याने विचारलं, "कारण सांगाल?"

"कारण द्यावं लागत नाही. आमच्याकडे पेशंटला द्यावं लागत नाही."

"मग आम्हाला कोर्टात जावं लागेल."

"जा की. कोर्टसुद्धा मला विचारेलच."

तो चक्क हसला. चहा संपवला, बूट घातले, हात मिळवला आणि गेला. पुढे तो पाइप टेकडीच्या दुसऱ्या अंगाने गेला, एका शेतकऱ्याच्या रानाखालून. त्याला विचारून, त्याने हो म्हटल्यावर. त्याचा हो त्याच्यापाशी. पण ते नंतरचं.

त्या सकाळी अधिकाऱ्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी फोन उचलला. तिकडे दुपार टळत आली होती. बाबा कॉलनीतल्या पारावर असणार, मोबाइल सदऱ्याच्या खिशात.

"बाबा, कंपनीचा माणूस आला होता. घरी."

"घरी?" दम लागलेला आवाज. "तुह्या घरी?"

"हो. बूट काढून आत आला."

"बसोलं ना त्याले?"

"बसवलं. चहा दिला."

"मंग?"

"मग त्याने विचारलं, तुमच्या जमिनीखालून जाऊ का."

पलीकडे काठी पारावर ठेवल्याचा आवाज आला. 

"इचारलं?" बाबा म्हणाले. "सोताहून इचारलं?"

"हो, बाबा. विचारलं. आणि मी नाही म्हटलं."

 मग बाबांचा आवाज आला, पण माझ्याशी नाही, दुसऱ्या कुणाशी तरी, मोठ्याने, "अरे, इकडे या, इकडे या सारे!" आणि मला म्हणाले, "थांब. फोन ठिऊ नको. ह्याले सांग, याचं घर आपल्या गिर्नीच्या बाजूले होतं."

फोन दुसऱ्याच्या हातात गेला. मी सांगितलं. त्याने तो तिसऱ्याला दिला. त्यालाही सांगितलं. त्या पारावर बसलेल्या एकेका म्हाताऱ्याला मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "हो काका, विचारायला आला होता. मी नाही म्हटलं."