लेकीच्या तपासणीला

दोन हजार चोवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. चाकणच्या अलीकडं आमचं गाव. निम्मी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्यात बाजरी आणि दावणीला दोन म्हशी. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण गावात माझा शब्द खाली पडत नव्हता. जत्रेत देवाची पहिली आरती आमच्या घराची, ताट माझ्या हातात. हा मान बापाकडून मला आला, आणि भावकीतल्या एका चुलतभावाच्या डोळ्यात तो कायम सलत राहिला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्याचं काम पुढं पडणार आहे.

धाकटी लेक रावेतला दिलेली. जावई चाकणला एका कंपनीत. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दिवाळीला लेक माहेरी आली तेव्हा तिची आई मागंच लागली, अमक्या डॉक्टरकडं चल, तमक्या देवाला चल. लेकीनं बरंच ऐकून घेतलं. मग फराळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, "आई, तात्या, दोघं बसा. एकदाच सांगते."

जावयाच्या अंगात एचआयव्ही होता. लग्नाआधीपासून. त्यानं तिला ते लग्नाआधीच सांगितलं होतं आणि तिनं विचार करून होकार दिला होता. तो रोज औषध घेत होता. मध्यंतरी त्याचं औषध लागू पडेना म्हणून बदलावं लागलं, तेव्हापासून तिलाही डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली होती. "मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "होऊ नये म्हणूनच ती गोळी."

मी उठलो आणि म्हणालो, "कपडे भर. आता तिकडं जायचं न्हाई."

"नाही भरणार."

"मी काय म्हणतोय ते कळतंय का तुला?"

"कळतंय, तात्या. पण हट्ट तुमच्याकडूनच आलाय ना माझ्याकडं."

ती गेली. मी तिचा फोन घेणं बंद केलं. जावयाला रोग असल्याचा राग होताच. पण खरं लागलं ते हे, की चार वर्षं माझ्या मांडवातली एवढी मोठी गोष्ट मला कुणी सांगितली नाही.

थंडी सरता सरता एक दिवस बायको म्हणाली, "आवो, उद्या तिची तपासणी हाय. दर तीन महिन्यानं असती. जावईबापू कंपनीच्या कामानं गुजरातला गेल्यात. सोबत कुणी न्हाई. माझे गुडघे त्या जिन्यावर चढायचे न्हाईत."

म्हणजे या दोघींचं बोलणं चालूच होतं. सकाळी स्कूटर काढली आणि डिकीत एक मोठी कापडी पिशवी घडी करून टाकली. मनात पक्कं होतं. तपासणीत काही वाईट निघालं, तर तिथूनच रावेतला जायचं, तिचे कपडे भरायचे आणि लेक घरी आणायची. मग तिनं कितीही हट्ट करो.

रावेतहून लेकीला मागं बसवून पिंपरीला गेलो. तिथला तो सरकारी दवाखाना मोठा. खाली केसपेपरची गर्दी, वरच्या मजल्यावर लांबलचक व्हरांडा. एका टोकाला डोळ्यांचा विभाग, दुसऱ्या टोकाला आमची खोली. दारावर पाटी होती. मला वाचायला वेळ लागतो, पण एचआयव्ही एवढं वाचता आलं. येणारे-जाणारे ती पाटी वाचत आणि लगेच दुसरीकडं बघत.

आत एक बाई टेबलाशी बसल्या होत्या. समजावून सांगणं, विचारपूस करणं, हे त्यांचं काम. लेकीमागं मीही आत शिरलो.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा."

"मी बाप हाय तिचा."

"म्हणूनच बाहेर बसा," बाई हसून म्हणाल्या. "नवरा असता तरी आधी बाहेरच बसवलं असतं."

मी बाहेर बाकावर बसलो. लेकीची पर्स मांडीवर. दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम लांब सरकलो. ऐकायचं नव्हतं असं नाही, पण चोरून ऐकणाऱ्यातला मी नव्हे.

थोड्या वेळानं लेक बाहेर आली. दंडाला कापूस आणि हातात झाकणाची छोटी बाटली, ओढणीखाली धरलेली. ती बाथरूमकडं गेली, परत आली, बाटली आत देऊन माझ्याजवळ बसली.

"रक्त घेतलं, समजलं," मी म्हणालो. "लघवी कशापाई?"

"आतून पण तपासणार आहेत डॉक्टरीणबाई. नंबर लागला की."

"का? तुझ्यावर संशय हाय का त्यांचा? माझ्या लेकीवर?"

"हळू बोला. संशय नाही, तात्या. सगळ्यांना तेच करतात. ही गोळी एचआयव्हीच अडवते. तसल्या मार्गानं होणारे बाकीचे रोग तिला अडवता येत नाहीत. काही काही तर अंगात असले तरी वर्षानुवर्षं कळत नाहीत. गोळीचा किडनीवर ताण येतो का, तेही बघतात."

"पण तुला काय त्रास हाय का?"

"नाही. आणि पुढं बाळाला नको म्हणून बघायचं. गरमी, म्हणजे सिफिलिस, असली आईला, तर पोटातल्या मुलाला बाधते." तिनं पर्स माझ्या मांडीवरून उचलली, बंद उगाच सरळ केला आणि परत ठेवली. "त्याचे रिपोर्ट आता चांगले यायला लागलेत. डॉक्टर म्हणाल्या, आणखी थोडे दिवस. मग बाळाचा विचार करा."

बाळ. या सगळ्यात कुठं बाळ असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटत होतं, पोरगी रोगाशी संसार करतीये. ती तर घर भरायच्या तयारीत होती. आतून हाक आली आणि ती उठून गेली.

तेवढ्यात व्हरांड्यातून चुलतभाऊ आला. हातात त्याच्या बायकोचा केसपेपर. डोळ्यांचा विभाग शोधत चुकीच्या टोकाला आला होता.

"आरं तात्या! तू हिकडं?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग पाटीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि माझ्या मांडीवरच्या पर्सकडं.

"कुणाला घेऊन आलायस?"

मी पर्सवर हात ठेवला.

"लेकीची पर्स दिसती. तिला आणलंय व्हय?" आवाजात काळजी होती, पण डोळे वेगळंच बोलत होते. "चार वर्षं झाली, लेकरू न्हाई. आमच्या घरात बायका म्हणतच हुत्या, काहीतरी..."

पुढचं मला ऐकायचं नव्हतं. एवढं कळलं, की हा माणूस संध्याकाळपर्यंत घरोघरी जाणार. लेक पुन्हा माहेरी आली की तिच्याकडं कसं बघतील, उद्या तिला मूल झालं तर त्याला कुणी उचलून घेईल का, हे सगळं त्या केसपेपर धरलेल्या हातात होतं.

"मी माझ्यासाठी आलोय," मी म्हणालो. "ती मला सोबत म्हणून आलीय."

"तुझ्यासाठी? ह्या दारात?"

"व्हय."

"ह्या वयात?"

"वय इचारून येतं का ते?"

खांद्यावरचा हात निघाला. तो हसला नाही. एक पाऊल मागं सरकला, धोतराला हात पुसला आणि समोरच्या बाकावर बसला. डोळ्यांचा विभाग विसरलाच. मी आत जातो का ते त्याला बघायचं होतं.

दार उघडलं, लेक बाहेर आली. तिनं आधी त्याला पाहिलं, मग मला. चेहरा एकदम उतरला. तिनं तोंड उघडायच्या आत मी पर्स तिच्या हातात दिली आणि मोठ्यानं म्हणालो, "बस हितं. माझा नंबर आला."

आत जाऊन दार ओढून घेतलं. "माझं रक्त काढा," मी बाईंना म्हणालो.

"तुमचं कशाला, बाबा?"

"भाईर आमच्या गावचा माणूस बसलाय."

बाईंनी दाराच्या फटीतून बघितलं. परत खुर्चीवर बसल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "जबरदस्ती नसते इथं. नुसते थोडा वेळ बसून गेलात तरी चालेल."

"खोटं अर्धं करत न्हाई मी. काढा."

मग त्यांनी सगळं रीतसर केलं. म्हणजे जे लेकीला विचारलं तेच मला विचारलं. संबंध कुणाशी, किती, निरोध वापरता का. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला. कान तापले माझे. पण बाई कागदावर लिहीत होत्या, न हसता, न थांबता, तलाठी उतारा लिहितो तशा. माझ्या लेकीनं दर तीन महिन्यानं या खुर्चीवर बसून उत्तरं दिली होती, आणि मी घरी बसून फोन घेत नव्हतो.

रक्ताचा निकाल त्याच दिवशी मिळाला. आम्हाला वेगवेगळं बोलावून सांगितलं. माझ्यात काही नाही. लेकीत एचआयव्ही नाही. तिचे बाकीचे रिपोर्ट पुढच्या आठवड्यात यायचे होते. चुलतभाऊ तोवर निघून गेला होता, गावाला जायची घाई असणार त्याला.

खाली स्कूटरपाशी लेक म्हणाली, "तात्या, हे काय केलंत? गावात कळणार."

"कळू दे."

"आरतीचं ताट..."

"ताट जड झालंय आता. हात दुखत्यात."

ती रडायला लागली. मी हेल्मेट काढायला डिकी उघडली तर तिला ती पिशवी दिसली.

"एवढी मोठी पिशवी कशाला आणलीत?"

"भाजीला," मी म्हणालो.

रावेतच्या कोपऱ्यावर थांबून मेथी घेतली, वांगी घेतली, भोपळा घेतला. पिशवी भरली आणि तिच्याच दारात ठेवली. "जावई आला की दोघं या," म्हणालो. तिनं मान हलवली. चहाला थांबलो नाही.

घरी पोचलो तर बायको ओट्यावरच उभी. माझ्याआधी बातमी पोचली होती. "आवो, हे काय ऐकतीय मी?" मी खरं काय ते सांगितलं. ती आधी हसली, पदर तोंडात धरून, पार ठसका लागेपर्यंत. मग तशीच खाली बसली. "जत्रा पुढच्या म्हैन्यात हाय," एवढंच म्हणाली. रात्री जेवताना तिनं माझ्याच ताटात जेवायला घेतलं. लग्न झाल्यापासून तसं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशी पिळल्या आणि किटली घेऊन डेअरीवर गेलो. दूध घातलं. शेजारी चहाची टपरी, तिथं सिमेंटचा बाक. रोजचीच माणसं, चुलतभाऊ मधोमध. मी आलो तसं बोलणं थांबलं. माझी जागा कडेची, ती मोकळीच होती. तिच्या शेजारचीही मोकळी झाली.

सगळ्यांच्या हातात काचेचे ग्लास. टपरीवाल्यानं माझा चहा कागदी कपात आणला. माझ्याकडं न बघता बाकावर ठेवला.

पेल्यानं हा रोग लागत नाही, हे मला आता ठाऊक होतं. माझ्यात काही निघालं नाही, हेही तिथंच सांगता आलं असतं. पण मग लगेच कुणीतरी विचारलं असतं, तुझ्यात न्हाई तर त्या दारात गेला कशाला, कुणापाई गेला? चुलतभाऊ त्याचीच वाट बघत होता. एक डोळा माझ्यावर ठेवूनच तो चहावर फुंकर मारत होता.

मी कागदी कप उचलला. सावकाश प्यायलो. रिकामा कप बाकावर ठेवला आणि टपरीवाल्याला म्हणालो, "अजून एक दे."