खोट्या विटांचा सुतार

माझा मामा सिनेमाच्या सामानाचा सुतार. सोन्याची चोरटी आयात करणारी टोळी आणि तिच्या मागावरचे पोलीस, असा एक अगदी स्वस्तातला सिनेमा निघाला, तेव्हा टोळीसाठी त्यानं लाकडाच्या चोवीस विटा केल्या. वजनाला आत शिसं, वरून सोनेरी रंग. सिनेमा काळापांढरा! दिग्दर्शक म्हणाला, चुना फासला तरी चालेल. पण मामा कसला ऐकतोय? हातात घेणाऱ्याला तरी सोनं वाटायला नको का, म्हणे. अस्सा हट्टी.

शूटिंग संपलं की विटांची पेटी त्याच्याकडे यायची आणि झिजलेले कोपरे तो पुन्हा रंगवायचा. एक दिवस निर्मात्याचा निरोप आला: आज विटांना हात लावू नका, पेटी न्यायला मोटार येईल. मामाच्या मनात पाल चुकचुकली. खिळ्यांच्या पुडीवरून कटकट करणारा माणूस लाकडी ठोकळ्यांसाठी मोटार धाडतो? कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यानं पेटी उघडली. एका विटेवर त्याच्या ब्रशच्या रेघा नव्हत्या. उचलायला दोन हात लागले. पटाशीनं कोपरा खरवडला, तर खाली लाकूड नाही, शिसं नाही, पिवळ्याखाली पिवळंच.

"चुना फासला असता तर ही वेळ आली नसती," मामी म्हणाली आणि रडायलाच लागली. बाकी विटा मामाच्या हातच्या. धाड पडली तर गजाआड तोच जाणार होता.

म्हणून वीट पिशवीत घालून तो पोलीस चौकीत गेला. तिथला फौजदार ओळखीचा. कपड्यांचा खर्च वाचावा म्हणून निर्मात्यानं सिनेमातही त्यालाच घेतलं होतं, स्वतःच्या वर्दीसकट. फौजदारानं दार लोटलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वीट हातात तोलली.

"मिस्त्री, हिला रंगाचा एक हात द्या आणि होती तिथं ठेवा," तो म्हणाला. "काही निघालंच, तर नाव तुमचंच निघेल."

कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर सांगायचं कुणाला? मामानं घरी येऊन वीट रंगवली. तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता. आता पोरंबाळं झाल्यावर येत नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. पडद्यावर फौजदारानं टोळीला बेड्या घातल्या, थिएटरभर टाळ्या पडल्या. मामानंही वाजवल्या. मागच्या रांगेत फौजदार बसला होता.