कॉलेज कोणतं?

पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला, त्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले. तिथे बाई अशी मी एकटीच. बी.एस्सी. केलं होतं जिल्ह्याच्या गावी. तिथे सहाजणांत मिळून एक तराजू, तोही पावसाळ्यात भलतंच वजन दाखवायचा.

दुपारी सगळे एका टेबलावर डबे उघडत आणि बोलणं हमखास कॉलेजांवर जाई. पहिला नंबर मुंबईचा की पुण्याचा, बनारसला मुलं किती राबतात, यावरून वाद रंगत. मुंबईचे एक साहेब म्हणायचे, "आमची लॅबोरेटरी रविवारीसुद्धा उघडी. गावोगावची कॉलेजं म्हणजे डिग्र्यांची दुकानं!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचं कॉलेज कोणतं?"

मी पुण्यातल्या सगळ्यांत नावाजलेल्या कॉलेजचं नाव सांगितलं. सांगितलं आणि लगेच डबा आवरून उठले.

दोन महिने निभावलं. मग त्याच कॉलेजातले एक नवे केमिस्ट आले. खुशीत म्हणाले, "म्हणजे आपण एकाच घरचे! प्रॅक्टिकलला कोण होतं तुम्हाला?"

"तराजूवर काहीतरी ठेवून आलेय," असं पुटपुटून मी उठले. त्या दिवसापासून डबा गोदामामागे उभ्यानेच खाऊ लागले. जिन्यात त्यांची पावलं ऐकली की मी मागच्या दाराने बाहेर पडायचे. एकदा हातातली काचनळी सुटून फुटली. नोकरी जाईल, वडील काय म्हणतील, पुन्हा कोण घेईल, एवढंच डोक्यात.

आठवड्याने ते नवे केमिस्ट माझ्या टेबलापाशी आले. हळूच म्हणाले, "तुम्ही आमच्या कॉलेजच्या नाही ना?"

मला मान वर करवेना. "नाही."

"अर्जावर काय लिहिलंय?"

"खरं तेच."

"मग नोकरीला धक्का नाही." शेजारचं स्टूल ओढून बसत ते म्हणाले, "आमच्याकडे दर प्रॅक्टिकलनंतर नंबर भिंतीवर लागायचे. खाली जायच्या भीतीने मी तीन वर्षं प्रयोगाचे आकडे उत्तराला जुळवून लिहिले. तुम्ही कॉलेजचं नावच बदललंत."

हे त्यांनी मला का सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन सगळ्यांमध्ये बसून मी खरं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. कुणीतरी हसलं. मुंबईच्या साहेबांनी डबा बंद केला, आणि पुढे कित्येक महिने माझं प्रत्येक वजन ते स्वतः पुन्हा करून पाहत. ते मागे उभे राहिले की चिमट्यातलं वजन थरथरायचं. एकदाही फरक निघाला नाही. तरी त्यांनी तपासणं सोडलं नाही, आणि माझं थरथरणंही बदली होऊन ते जाईपर्यंत थांबलं नाही.