धुक्यात ठेवलेलं पीठ

भोगीच्या दिवशी आमच्या नेदरलँड्समधल्या वाखनिंगनमध्ये सकाळपासून इतकं धुकं होतं, की बाल्कनीतून खालच्या सायकलीसुद्धा दिसत नव्हत्या... नदीवरून येतं ते. आलं की दिवसभर हलत नाही.

साडेनऊला रिमली आली. ही मूळची आसामची, आमच्या वरच्या मजल्यावर राहते, इथल्या युनिव्हर्सिटीत तांदळावर पीएचडी करते. मी दहावी पास, ती एवढी शिकलेली, पण मला बाइदेव म्हणते, म्हणजे मोठी ताई. आमचं बोलणं हिंदीत, माझ्या हिंदीला जेवढं झेपेल तेवढं...

आपली संक्रांत तेव्हा त्यांचा बिहू. त्याला तीळपिठा करतात, तांदळाच्या पिठाची पातळ गुंडाळी, आत काळे तीळ आणि गूळ. तिच्या आईने घरच्या शेतातला चिकट तांदूळ कुणाबरोबर तरी पाठवला होता, जेमतेम दोन वाट्या. तो रात्री भिजवून, निथळून ती माझ्या मिक्सरवर दळायला घेऊन आली होती.

पीठ चाळता चाळता म्हणाली, "बाइदेव, चार वर्षं झाली खाऊन. आवडायचा एवढं आठवतं... चव नाही आठवत."  माझ्या आईच्या हातची गुळाची पोळी मला आठवते का, हे मी मनातल्या मनात तपासून पाहिलं.

तेवढ्यात तिला लॅबमधून फोन आला. पीठ फडक्याखाली झाकून, "तीनला येते" म्हणून ती गेली.

दुपारी मी फडकं उचलून पाहिलं, तर पीठ चांगलं ओलसर. म्हटलं, पोरगी नवखी आहे, हे आंबून जाईल. आपण मोदकाचे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मगच दळतो, पिठी कोरडीच हवी.

मग मी काय करावं... स्वच्छ पंच्यावर ते पीठ पसरलं आणि रेडिएटरजवळ ठेवलं. एरवी आमचं हीटिंग सतराच्या वर जात नाही, मी घरात दोन स्वेटर घालते. त्या दिवशी त्या पिठासाठी वीसवर केलं.

घर उबदार झालं, भिजल्या तांदळाचा गोड वास सुटला. मी जपाची माळ घेऊन बसले आणि बसल्या जागी डोळा लागला. फार दिवसांनी अशी झोप लागली, आपण कुणाचं तरी काम केलंय अशी...

तीनला रिमली आली, पिठाला हात लावला आणि तशीच उभी राहिली. चिमूटभर तव्यावर टाकलं, ते रांगोळीसारखं सुटं पडून राहिलं.

मग तिने समजावून सांगितलं. या पिठात वरून पाणी घालायचं नसतं. तांदळाने रात्रभर प्यायलेली ओल असते ना, तव्याच्या धगीने तीच सगळ्याला धरून ठेवते. मी ती ओल उडवून टाकली होती... वीस डिग्रीवर. "कोई बात नहीं, बाइदेव," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी पाण्याचा हबका मारू का विचारलं, तर म्हणाली, गुठळ्या होतील, ओल हळूहळू शिरायला हवी.

देवासमोर हात जोडले. दुसरं काही सुचत नव्हतं. वळले तर बाल्कनीत परवा वाळत घातलेले दोन पंचे दिसले, अजून ओले. आठ वर्षं मी याच हवेच्या नावाने बोटं मोडतेय, इथे पापड वाळत नाही, सांडगे वाळत नाहीत...

मी पीठ उचललं. त्या दोन ओल्या पंच्यांच्या मध्ये पातळ पसरलं आणि बाल्कनीत धुक्यात नेऊन ठेवलं.

दोघी कोट घालून तिथेच बसलो. मधूनमधून रिमली पीठ बोटांनी हलवायची. तिच्या गावाकडेही असंच धुकं असतं म्हणे, पहाटे शेतात शेकोटी पेटवली की फक्त जाळ दिसतो, माणसं दिसत नाहीत. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले... धुक्यात गाव कोणाचं, काही कळत नव्हतं.

अंधारून आलं तेव्हा तिने पिठाची मूठ वळली. गोळा झाला, बोट लावल्यावर हळूच मोडला. "हो गया," म्हणाली, अगदी हळू आवाजात.

पहिला पिठा तुटला, दुसरा तुटला. तिसरा तव्यावर पांढऱ्या कागदासारखा धरला, त्यावर तिळगुळाची रेघ घालून तिने तो गुंडाळला. आता नैवेद्य... आपल्याकडे काळे तीळ म्हटलं की श्राद्धच आठवतं. क्षणभर थांबले. मग म्हटलं, उद्या आपण काळी साडी नेसणारच आहोत की, आणि तो देवापुढे ठेवला.

आमचे हे आर्नहेमहून कामावरून आले. घर अजून उबदारच होतं. सगळं ऐकून म्हणाले, "आठ वर्षांत माझ्यासाठी नाही वाढवलंस हीटिंग." रिमलीला मी हिंदीत सांगितलं, तेव्हा ती दिवसात पहिल्यांदा हसली.

मग तिने एक खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. 

"आईसारखा नाही झाला," ती म्हणाली. बोटांना लागलेले तीळ चाटून म्हणाली, "तिचा कडेला जास्त कडक असतो. आणि ती तीळ जरा जास्त भाजते, किंचित कडवट लागतात... आठवलं, बाइदेव."

आमच्या फसलेल्या पिठातून तिला तिच्या आईची चव सापडली. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू...

आता बाल्कनीतले कपडे तीन दिवस वाळले नाहीत, तरी मी धुक्याला काही बोलत नाही.